ग्रंथालयाबाहेरचे शिक्षण : पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्या संघटना

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रातील अनेक वसतिगृहांत, विहारांत आणि महाविद्यालयांत 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम मोठ्या निष्ठेने पार पाडला जातो. मुले-मुली पहाटे येऊन बसतात आणि रात्री उशिरापर्यंत पुस्तकातून मान वर करीत नाहीत. या उपक्रमामागील भावना वंदनीय आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला स्पर्श करू दिला गेला नाही, त्या समाजाने आपल्या उद्धारकर्त्याला वाचनाच्या रूपाने अभिवादन करावे, याहून उचित अभिवादन कोणते? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उपाशीपोटी, एकाग्रचित्ताने ग्रंथ वाचीत बसलेला एकाकी विद्यार्थी, ही बाबासाहेबांची प्रतिमा आपल्या प्रत्येकाच्या अंतःकरणावर कोरली गेली आहे.

ही प्रतिमा खरीच आहे; परंतु ती अर्धी आहे. तिचा उरलेला अर्धा भाग आपण आपल्या मुलांना क्वचितच सांगतो. नेदरलँड्ससारख्या देशात पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या आणि येथेच वाढलेल्या आपल्या मुलामुलींना आज त्या दुसऱ्या अर्ध्या भागाची नितांत गरज आहे, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणांती झालेले मत आहे. आपल्या अभ्यासक्रमाच्या वा व्यवसायाच्या विद्यार्थी संघटनेत सामील होणे हा अभ्यासातील अडथळा नसून अभ्यासाचेच एक अंग आहे, हे या लेखात मांडावयाचे आहे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची दुसरी बाजू

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रारंभीच्या काळात ते 'कॉस्मोपॉलिटन क्लब' या विद्यार्थ्यांच्या निवासी मंडळात राहिले. १९१५ साली त्यांनी एम. ए. पूर्ण केले. त्यानंतरची घटना आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होऊन अवघा महिना होत आलेला असताना, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावरील आपला निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज जगभर अभ्यासला जाणारा हा निबंध प्रथम प्रकट झाला तो सहाध्यायी आणि अध्यापक यांच्या एका छोट्या बैठकीपुढे. बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. आपल्या विषयाच्या चौकटीबाहेरील मंडळींसमोर आपला विचार कसोटीला लावण्याचे धाडस त्यांनी विद्यार्थी असतानाच केले होते.

१९१६ सालीच लंडनला आल्यावर त्यांनी बॅरिस्टरीसाठी 'ग्रेज इन'मध्ये नाव नोंदविले. ग्रेज इन हे महाविद्यालय नव्हे. ती वकिलांची शतकानुशतके चालत आलेली व्यावसायिक संस्था आहे. तेथे केवळ परीक्षा देऊन भागत नसे. प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या सभागृहात वकील व न्यायाधीश यांच्यासह भोजनास उपस्थित राहिल्याशिवाय ते सत्र पूर्ण झाले असे मानले जात नसे. या प्रथेला आपण हसू शकतो. परंतु तिच्यामागील विचार हसण्यासारखा नाही. व्यवसाय हा पुस्तकाइतकाच सहवासातूनही शिकावा लागतो, ही त्यामागची धारणा आहे. जेथे मायदेशात बाबासाहेबांना पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता, तेथे या पंक्तीत ते इतरांच्या बरोबरीने बसत होते, ही गोष्टही आपण विसरता कामा नये.

१९१८ साली मायदेशी असताना 'इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'च्या नियतकालिकात त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर आणि बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावर लेखन केले. पुढे पुन्हा लंडनला गेल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थी संघटनेपुढे त्यांनी हिंदुस्थानातील जबाबदार राज्यपद्धतीविषयी निबंध वाचला आणि त्यातील जहाल विचारांमुळे तेथे खळबळ उडाली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. एम. एस्सी. आणि डी. एस्सी. या पदव्यांसाठी अविश्रांत परिश्रम चालू असतानाही या विद्यार्थ्याला विद्यार्थी संघटनेच्या व्यासपीठावर जावेसे वाटले. ते वेळ वाया घालविणे होते, असे म्हणण्याचे धैर्य आपल्यापैकी कोण करील?

वारशाने मिळणाऱ्या ओळखी आणि आपण

या प्रश्नाकडे आपण आपल्या सामाजिक स्थितीच्या संदर्भात पाहिले पाहिजे. ज्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत, त्या घरातील मुलाचे वैद्यकीय शिक्षण जेवणाच्या ताटावरच सुरू होते. कोणत्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, कोणत्या प्राध्यापकाकडे संशोधन करावे, कोणत्या परिषदेत निबंध वाचावा, मुलाखतीत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. काका, मामा, आतेभाऊ हीच त्याची व्यावसायिक संघटना असते. जातिव्यवस्थेने केवळ संपत्ती आणि प्रतिष्ठा वारशाने दिली असे नव्हे; तिने माहिती आणि ओळखीही वारशाने दिल्या.

मी माझ्या घराण्यातील पहिला डॉक्टर. एम. बी. बी. एस. ला प्रवेश मिळाला तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले; परंतु पुढे काय करावयाचे, हे सांगणारा वस्तीत कुणी नव्हता. वसतिगृहात आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि वरिष्ठांची टिपणे ठरावीक खोल्यांतूनच फिरत. आमच्या खोल्यांपर्यंत ती येत नसत. वैद्यकीय परिषदेत विद्यार्थीही निबंध पाठवू शकतो, हे मला समजले तेव्हा माझे आंतरवासितेचे वर्ष संपत आले होते. आम्ही काही मुलांनी मिळून पुस्तकपेढी काढली, वरिष्ठांना गाठून टिपणे जमविली, शनिवारी रात्री एकेक रोगी-वृत्तान्त आळीपाळीने सादर करू लागलो. त्या दहा-बारा जणांच्या मंडळाला ना घटना होती, ना नोंदणी. परंतु रुग्णाविषयी चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची भीती माझ्या मनातून गेली ती त्या खोलीत. महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहात नव्हे.

एकाकी पडलेल्या विद्यार्थ्याचे काय होते, याची उदाहरणे दुर्दैवाने आपल्याला ठाऊक आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीवर डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली अहवाल दिला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली खटला उभा राहिला. संघटना असती तर असे घडलेच नसते, असे सोपे विधान मी करणार नाही. अन्यायाची जबाबदारी अन्याय करणाऱ्यावर आणि तो चालू देणाऱ्या संस्थेवरच असते. परंतु एक वैद्य म्हणून मी इतके निश्चित सांगू शकतो, की ज्याच्या भोवती चार सहकारी उभे आहेत त्याचे दुःख लवकर ओळखले जाते आणि त्याची तक्रार अधिक गांभीर्याने ऐकली जाते.

नेदरलँड्समधील परंपरा

आता आपण ज्या देशात राहतो त्या देशाकडे वळू. डच समाजाला संघटनांचा समाज म्हणावे, इतकी येथे संघटनांची परंपरा रुजलेली आहे. १८४८ च्या राज्यघटनेने नागरिकांना संघटना स्थापण्याचा हक्क दिला. अभियंत्यांची संस्था त्याच्या आदल्याच वर्षी, १८४७ साली, स्थापन झाली होती. १८४९ साली येथील डॉक्टरांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. तिच्या कार्याचा इतिहास आपणास उद्बोधक वाटेल. त्या काळी या देशात वैद्यांच्या अनेक श्रेणी होत्या. विद्यापीठातून शिकलेला डॉक्टर वेगळा, शहरातील शल्यवैद्य वेगळा आणि केवळ खेड्यातच व्यवसाय करण्याची मुभा असलेला शल्यवैद्य वेगळा. या संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि थोरबेके यांच्या मंत्रिमंडळाने १८६५ साली जे वैद्यकीय कायदे केले, त्यांनी सर्वांसाठी एकच पात्रता ठरविली. व्यवसायातील वर्णव्यवस्था व्यवसायाच्या संघटनेने प्रयत्न केल्यामुळे कायद्याने संपली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

विद्यार्थ्यांनी हाच मार्ग अनुसरला. डेल्फ्ट येथील यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी १८६७ साली 'लेखवाटर' ही संघटना स्थापिली. ती आजही कार्यरत आहे. जिच्या नावाने ही संघटना ओळखली जाते तो यान आद्रियानझून लेखवाटर हा सतराव्या शतकातील सुतार आणि पवनचक्क्या बांधणारा कारागीर. १६१२ साली बेमस्टर हे सरोवर कोरडे करून तेथे शेतजमीन निर्माण करण्याच्या कार्यात त्याचा मोठा वाटा होता. विद्यापीठातील उच्चशिक्षितांनी आपल्या संघटनेला एका सुताराचे नाव अभिमानाने द्यावे, ही गोष्ट ज्या समाजाने कारागिरांना शूद्र ठरविले त्या समाजातून आलेल्या आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. डेल्फ्टच्याच विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची संघटना १९०६ सालची, तर लायडनच्या गणित, भौतिकशास्त्र वगैरे विषयांच्या विद्यार्थ्यांची 'द लायड्स फ्लेस' १९२३ सालची. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५१ साली कोपनहेगन येथे स्थापन झाला. त्याच्या द्वारे वैद्यकीय विद्यार्थी परदेशातील रुग्णालयांत काही आठवडे काम करून येतात.

येथे पालकांनी एक भेद स्पष्टपणे समजून घ्यावा. या देशात विद्यार्थ्यांच्या संघटना मुख्यत्वे दोन प्रकारच्या आहेत. 'स्टुडेन्टनफरेनिखिंग' म्हणजे सामाजिक स्वरूपाची संघटना. यांतील काही फार जुन्या आहेत. त्यांच्या दीक्षाविधींत नव्या सदस्यांची मानहानी होते, अशा बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. त्यामुळे आपले पालक 'संघटना' हा शब्द ऐकताच घाबरतात. दुसरा प्रकार 'स्टुडीफरेनिखिंग', म्हणजे अभ्यासक्रमाशी जोडलेली संघटना. आपण तिला अभ्याससंघ म्हणू. तिची वर्गणी किरकोळ असते आणि तिचे कार्यालय बहुधा विभागाच्या इमारतीतच असते. सवलतीत पाठ्यपुस्तके, दुपारच्या सुटीतील व्याख्याने, कारखाने व प्रयोगशाळा यांच्या भेटी, अभ्यास-सहली, व्यवसाय-मेळावे ही तिची नित्याची कामे. हा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

अभ्याससंघात नेमके काय शिकावयास मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक हिशेब. माझी कन्या डेल्फ्टला शिकत असताना तिच्या अभ्याससंघाच्या एका समितीची खजिनदार होती. वर्षाअखेरीस तिला हिशेब तपासणी समितीपुढे बसावे लागले. या देशाच्या दिवाणी संहितेप्रमाणे संघटनेच्या कार्यकारिणीला वार्षिक सभेत अहवाल आणि हिशेब मांडावा लागतो. लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र नसेल तर कार्यकारिणीबाहेरील किमान दोन सदस्यांची समिती तो तपासते. वीस-एकवीस वर्षांची मुले एकमेकांना पावत्या मागतात, उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा विचारतात, आणि सभा संपल्यावर एकत्र जेवतात. मैत्री आणि हिशेब यांची गल्लत न करण्याचे हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आपल्या समाजातील किती संस्था हिशेबाच्या वादातून फुटल्या, याची आठवण मी येथे करून देण्याची आवश्यकता नाही!

दुसरी गोष्ट सभेची शिस्त. कार्यसूची, गणपूर्ती, ठराव, दुरुस्ती, मतदान, इतिवृत्त हे शब्द या मुलांच्या तोंडी सहज रुळतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते, की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. बौद्ध भिक्खूंच्या संघाला आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम परिचित होते. म्हणजे आपली मुले डच विद्यापीठात हे शिकतात तेव्हा ती परक्याची नव्हे, आपल्याच वारशाची विद्या परत मिळवीत असतात. संघाला आपण त्रिशरणात तिसरे स्थान दिले आहे. त्याचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात काय होतो, हे समजण्यास अशी सभा उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट अध्यापनाविषयी बोलण्याचा अधिकार. येथील कायद्यानुसार प्रत्येक अभ्यासक्रमासाठी एक समिती असते आणि तिचे निम्मे सदस्य विद्यार्थी असतात. २०१७ सालापासून अभ्यासक्रमाच्या नियमांतील काही बाबींना या समितीची संमती आवश्यक झाली आहे. या समितीवर जाणारे विद्यार्थी बहुधा अभ्याससंघातूनच पुढे येतात. प्राध्यापकाच्या समोर बसून 'आपल्या विषयाची परीक्षा शिकविलेल्या भागाशी सुसंगत नव्हती' असे नम्रपणे, पुराव्यासह सांगणे, हे आपल्या मुलांना अवघड जाते. आपण त्यांना गुरुजनांचा आदर शिकविला, तो योग्यच. परंतु आदर आणि मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो विद्यार्थी आपल्या प्राध्यापकाला प्रश्न विचारू शकत नाही, तो उद्या रुग्णालयातील विभागप्रमुखाची चूक कशी दाखवील? शस्त्रक्रियागृहात अशा मौनाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

चौथी गोष्ट व्यवसायाची भाषा. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या पदवीधराला शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी येथे एक वर्षाचा निवास परवाना मिळतो. हे वर्ष पाहता पाहता संपते. ज्याने शिक्षण चालू असतानाच संघाच्या निमित्ताने कंपन्यांच्या प्रतिनिधींशी पत्रव्यवहार केला, पाहुण्या वक्त्यांचे स्वागत केले, त्याला हे वर्ष पुरते. ज्याने केवळ गुणपत्रिका जमविली, त्याची उमेद पहिल्या सहा महिन्यांतच खचू लागते. गुणपत्रिका दोघांचीही सारखीच असू शकते.

संशोधक विद्यार्थ्याचा एकाकीपणा

पीएच. डी. करणाऱ्यांची स्थिती अधिक नाजूक असते. येथे पीएच. डी. चा उमेदवार बहुधा विद्यापीठाचा वेतन घेणारा कर्मचारी असतो आणि त्याचा करार सर्वसाधारणपणे चार वर्षांचा असतो. एक मार्गदर्शक, एक विषय, एक टेबल, यांत त्याचे विश्व सामावते. मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास जाणार कोठे? अशा वेळी विद्यापीठातील पीएच. डी. उमेदवारांचे मंडळ आणि राष्ट्रीय पातळीवरील 'प्रोमोव्हेंडी नेटवेर्क नेडरलांड' यांचा आधार मोठा असतो. कराराच्या अटी, रजा, मुदतवाढ, प्रबंधातील लेखांचे श्रेय यांविषयीचे नियम तेथे विनासंकोच विचारता येतात.

डच पदवीप्रदान समारंभात एक सुंदर प्रथा आहे. प्रबंधाचे समर्थन करण्यासाठी उमेदवार परीक्षकांपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूला दोन सहकारी असतात. त्यांना 'परानिंफ' म्हणतात. उत्तरे उमेदवारालाच द्यावयाची असतात. परंतु तो एकटा नाही, हे सर्वांना दिसावे अशी ती योजना आहे. आपल्या प्रत्येक संशोधकाने पहिल्याच वर्षी स्वतःला विचारावे : चार वर्षांनी माझ्या बाजूला कोण उभे राहील? ही दोन माणसे शेवटच्या आठवड्यात शोधून सापडत नाहीत. भगवान बुद्धांनी कल्याणमित्रतेला जे असाधारण महत्त्व दिले, त्याचे प्रत्यंतर मला या समारंभात अनेकदा आले आहे.

पालकांच्या शंका

आता काही शंकांचा विचार करू. पहिली शंका वेळेची. येथे वर्षाचा अभ्यास ६० गुणांकांचा आणि प्रत्येक गुणांक २८ तासांचा, म्हणजे एकूण १६८० तासांचा धरला जातो. संघाच्या एखाद्या समितीसाठी आठवड्याला दोन तास दिले, तर चाळीस आठवड्यांचे ८० तास होतात. म्हणजे अभ्यासाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. काही डच विद्यार्थी संपूर्ण वर्ष अभ्यास थांबवून संघाच्या कार्यकारिणीत पूर्णवेळ काम करतात. युरोपबाहेरून विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या मुलाने हे अनुकरण करू नये. त्याला निवास परवाना टिकविण्यासाठी वर्षाचे किमान निम्मे गुणांक मिळवावेच लागतात. शासकीय शिष्यवृत्तीवर आलेल्याला तर वेळेत शिक्षण पूर्ण करण्याचे बंधन असते. अशांनी एक छोटी समिती निवडावी आणि ती नीट सांभाळावी. उदरनिर्वाहासाठी आठवड्याला सोळा तासांपर्यंत नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यावर तर याहून अधिक भार घालणे अन्यायाचे होईल.

दुसरी शंका मद्यपानाची, आणि ती रास्त आहे. येथील संघांत संध्याकाळी 'बोरल' नावाचा मेळावा होतो आणि त्यात बिअर असते. पंचशीलातील पाचवे शील घरात पाळणाऱ्या मातापित्यांना यामुळे संकोच वाटतो. माझा अनुभव असा, की हातात फळांच्या रसाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या मुलाला येथे सहसा कुणी आग्रह करीत नाही. आग्रह झालाच तर शांतपणे नकार देण्याची शक्ती ही शीलाचीच परीक्षा आहे. दार बंद करून पाळलेले शील दार उघडताच डळमळते. चारचौघांत पाळलेले शील पक्के होते. शिवाय दुपारची व्याख्याने, भेटी आणि समित्यांचे काम या साऱ्याशी मद्याचा काही संबंध नसतो.

तिसरी शंका भाषेची. काही अभ्याससंघांचा कारभार अद्याप डच भाषेत चालतो आणि परदेशी विद्यार्थ्याला तेथे प्रारंभी परके वाटते. हे खरे आहे व ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डच भाषा शिकण्याचे याहून चांगले ठिकाण मला तरी ठाऊक नाही. येथे वैद्यकी करावयाची तर परदेशी पदवीच्या डॉक्टरला भाषेची परीक्षा द्यावीच लागते. मी व्याकरण वर्गात शिकलो, परंतु बोलण्याचे धाडस मिळविले ते सहकाऱ्यांच्या सायंकालीन चर्चासभांत.

चौथी शंका सर्वांत खोल आहे, म्हणून ती शेवटी घेतली. आपली स्वतःची आंबेडकरी संघटना असताना मुलांनी इतरांच्या संघटनेत का जावे? आणि गेल्यास तेथेही, विशेषतः भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळांत, आडनाव विचारून जात शोधली जाणार नाही काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की ती कधीकधी शोधली जाते. समुद्र ओलांडल्याने जात बुडत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. म्हणूनच आपल्या संघटनेची आवश्यकता आहे. ती आपले घर आहे. तेथे मुलाला आपले नाव, आपला इतिहास आणि आपला स्वाभिमान मिळतो. परंतु घर असणे म्हणजे घरातच बसणे नव्हे. आपल्या मुलाने व्यवसायाच्या सर्वसामान्य संघटनेत जावे, तेथे काम करून आपले स्थान मिळवावे, आणि तेथील ज्ञान घरी आणावे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या इतिहासात आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेच्या विद्यापीठात पीएच. डी. साठी गेले, तेथे कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांचा परिचय झाला, आणि परत आल्यावर नागसेनवनातील तरुण लेखकांच्या वर्तुळात त्यांनी तो विचार आणला. त्याच वर्तुळातून १९६७ साली 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, जे पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' म्हणून दलित साहित्याचे मुख्य व्यासपीठ बनले. वानखेडे परदेशी केवळ पदवी घेऊन परतले असते, तर महाराष्ट्राला एक प्राध्यापक मिळाला असता. ते विचार घेऊन परतले, आणि त्या विचारांना येथे संघ मिळाला, म्हणून एक चळवळ उभी राहिली.

आपल्या संघटनेने काय करावे?

केवळ मुलांना उपदेश करून वडीलधाऱ्यांचे कर्तव्य संपत नाही. माझ्या काही नम्र सूचना आहेत. दरवर्षी सप्टेंबरमध्ये जी मुले नव्याने येतात, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती किंवा राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घेऊन येतात, त्यांच्या स्वागतसभेत बिऱ्हाड, बँक आणि सायकल यांच्या माहितीबरोबरच त्यांच्या अभ्याससंघाचीही माहिती द्यावी. त्याच क्षेत्रातील एक ज्येष्ठ व्यक्ती प्रत्येक विद्यार्थ्याशी जोडून द्यावी. ज्यांना वर्गणीचा वा परिषदेच्या प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी छोटा निधी ठेवावा. आपल्या धम्मदानाचा याहून चांगला विनियोग क्वचितच होईल. वर्षातून एक दिवस आपल्या संशोधक मुलामुलींना आपल्यापुढे त्यांचा विषय मराठीत मांडावयास सांगावे. आजीला समजेल अशा शब्दांत आपला प्रबंध सांगता आला, तर परीक्षकांना सांगणे अवघड जाणार नाही. आणि जयंतीला 'अठरा तास अभ्यास' अवश्य करावा. परंतु त्यातील शेवटचे दोन तास पुस्तके मिटून, आपण काय वाचले ते एकमेकांना सांगण्यासाठी राखून ठेवावे. त्या दोन तासांतच ९ मे १९१६ च्या त्या परिसंवादाचे खरे स्मरण होईल.

आपल्या पिढीने एकट्याने चढण चढली, कारण त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. त्या एकाकी चढणीचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान बाळगतानाच मुलांवर तोच एकाकीपणा लादण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाच्या जोडीने संघटनेचा मंत्र दिला. हे दोन निरनिराळे मंत्र आहेत आणि ते एकामागून एक, आधी पदवी आणि मग संघटना, असे आचरावयाचे आहेत, असा आपला समज झाला आहे. स्वतः बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच दोन्ही एकत्र आचरून दाखविले. आपल्या मुलांनी तेच करावे आणि आपण त्यांना त्यासाठी मोकळीक द्यावी, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!